जाताना येताना एकच

इंदू, तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि काल रविवार आला. दुपारच्या एस.टी.ने मुंबईचा पेपर आला. मी तो नेहमीसारखा उघडला, घडी घालून शब्दकोडं वर आणलं, आडवे शब्द तुझ्यासाठी सोडले आणि उभ्यांना हात घातला. बरेचसे भरून झाल्यावर लक्षात आलं, की आडवे आता कोणी मागणार नाही. मग पेन्सिल ठेवून दिली.

शाळेतल्या शोकसभेत सगळे बोलले. तू कशी शिकवायचीस, मुली तुला किती घाबरायच्या आणि किती जीव लावायच्या, ते सगळं झालं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. मला तुझ्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. आणि या पावसाळ्यात तुझ्या मागच्या पडवीत जे घडलं, ते मी अजून कोणाला धड सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक एकतर हसतील, नाहीतर हात जोडतील. मला दोन्ही नको आहे.

मी कणकवलीहून बदलून मालवणच्या शाळेत आले, तो पहिला आठवडा तुला आठवत असेल का? शिक्षकखोलीत कोणी माझ्याशी फारसं बोलत नव्हतं. गणिताची बाई म्हणजे खडूस, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तू खिडकीशी बसली होतीस, पुढ्यात कागद. मान वर न करताच म्हणालीस, "हिंदीत झाडावर, मराठीत पाण्यावर. तीन."

मला वाटलं, स्वतःशी बोलतेयस. "तीन काय?" मी विचारलं.

"तीन अक्षरां गो. सांग."

खिडकीतून होड्यांच्या डोलकाठ्या दिसत होत्या. "बंदर," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तू माझ्याकडे बघितलंस. "आता हंयच बस," म्हणालीस, आणि शेजारच्या खुर्चीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवलास. ती खुर्ची मग माझीच झाली.

इंग्रजी पेपरातली गूढ कोडी बघून तुला हा नाद लागला होता. सरळ अर्थ विचारणारी कोडी तुला पुळचट वाटायची. "शब्दाक फिरवूक व्हयो, उलटो करून बघूक व्हयो, मगे तो खरा बोलता," असं तू म्हणायचीस. मुंबईच्या पेपरातलं कोडं तू माझ्यासोबत सोडवायचीस, पण खरा जीव तुझ्या स्वतःच्या कोड्यांत होता. शाळेच्या भित्तिपत्रकात कोपऱ्यात तुझी चौकट असायची. 'वा!' म्हणत चाल करून येणारं सैन्य: वादळ. नदी उलटली, गरीब झाली: दीन. मोठ्या सरांच्या निरोपाला तू फळ्यावर लिहिलंस, 'साठ उलटले की मागे राहतो, दोन अक्षरं', आणि उत्तर होतं 'ठसा'. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सर मात्र गोंधळून म्हणाले, "अहो, मी अठ्ठावन्नचाच आहे." त्या दिवशी आपण दोघी मधल्या जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

तुझं सगळ्यात लाडकं कोडं होतं, 'जाताना येताना एकच. तीन.' कितीतरी दिवस मला ते सुटलं नाही आणि तू काही केल्या उत्तर सांगेनास. शेवटी एकदा धक्क्यावर उभी होते, समोर किल्ल्याकडे लाँच चालली होती, आणि माझ्या तोंडून अक्षरं सुटी सुटी निघाली: ज, हा, ज. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. मी तिथेच एवढ्याने ओरडले की दोरी सोडणारा खलाशी दचकला.

आणि आपलं ते भांडण. तू म्हणायचीस, चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं. दोन बसली, तर ती कोडं घालणाऱ्याची चूक. मी म्हणायची, वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात आणि दोन्ही खरी असतात. तू चिडायचीस. "तुझा गणित घाल चुलीत. बोलणाऱ्याच्या मनात एकच असता गो, राधा. एकच." मधल्या सुट्टीत, बाजारातून येताना, तुझ्या नवऱ्यासमोर, माझ्या घरी चहा उतू जाईपर्यंत, आपण हे भांडलो. आज मला वाटतं, ते कोड्यांबद्दल नव्हतंच. तुला जग एका उत्तराचं हवं होतं. मला कुठेतरी पळायला दुसरी वाट हवी असायची.

आषाढातला तो रविवार. पाऊस जरा थांबला होता, आपण तुझ्या पुढच्या ओटीवर बसलो होतो. 'वारा फिरला की पोपट होतो' हे तू बघताक्षणी सोडवलंस, 'रावा' लिहिलंस, आणि मग म्हणालीस, "णीपा दे."

मी हसले. "कोड्यात नको, सरळ माग."

"णीपा," तू पुन्हा म्हणालीस. जेवताना मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात. मग जरा वैतागून, मी ऐकत नाही म्हणून, तिसऱ्यांदा. तेव्हा मला दिसलं, की पेन्सिल तुझ्या हातातून सुटून मांडीवर पडलीय, आणि ती सुटल्याचं तुला माहीतच नाही. बोटं अजून लिहिल्यासारखी वळलेली होती. तू माझ्याकडे बघत होतीस, एवढी साधी गोष्ट हिला का कळत नाही, अशा नजरेने.

जीपमधून कणकवलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय गेला. जीव वाचला. बोलण्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शब्द आहेत त्यांच्याकडे. पण कुठला शब्द कशाचा, ती गाठ सुटलीय. तुम्ही अर्थ लावत बसू नका. तुम्हालाच त्रास होईल."

तू घरी आलीस आणि मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. हे मी तुला कधी कळू दिलं नाही. आवाज तुझाच होता. विचारताना शेवटी वर जाणारा सूर तुझाच, भुवई उडवणं तुझंच. फक्त शब्द दुसऱ्याच कोणाच्या घरातले. "कपाट आलं की मला परवा घाल," असं तू अगदी शांतपणे सांगायचीस आणि उत्तराची वाट बघायचीस. तुझे यजमान, आमचे दत्ताराम भाऊजी, बिचारे सगळ्याला "होय, होय" म्हणायचे. तहसील कचेरीत जन्म घालवलेला माणूस, प्रत्येक गोष्टीला शेरा देणारा. तुझ्या उशाशी बसून नुसता मान हलवायचा.

मग ते फणसाचं झालं. तू दिवसभर "फणस, फणस" म्हणत राहिलीस. श्रावणात फणस कुठला! भाऊजींनी शेजारपाजारी फिरून कोणाच्या तरी घरची फणसपोळी आणली. तू तोंड फिरवलंस. पुन्हा "फणस". तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी शाळेतून आले, तुझ्यापाशी बसले, आणि मला तुझं एक जुनं कोडं आठवलं: 'पहिला सूर, मग फणसाच्या पोटातला, सगळा खारट. तीन.' सा आणि गर. सागर.

मी भाऊजींना म्हटलं, खुर्ची मागच्या पडवीत नेऊ या. तुला उचलून तिथे बसवलं. माडांमधून समुद्र दिसत होता, पावसाने गढुळलेला, पलीकडे किल्ल्याचा काळा तट. तू बघितलंस, आणि तुझे खांदे एकदम सैल पडले. त्यानंतर तू एकदाही फणस म्हणाली नाहीस.

त्या दिवशी घरी जाताना मी आनंदाने जवळजवळ पळत होते. तू आत होतीस! दार बंद होतं, पण तू आतून टकटक करत होतीस, आणि ती टकटक फक्त मला कळत होती. मग अर्ध्या वाटेवर थांबले. माणूस आजारात पाणी मागतो, आईला हाक मारतो. आत बसून कोडी घालणारं हे कोण?

दुसऱ्यांदा "रस" म्हणालीस. भाऊजींनी मोसंबीचा रस आणला, तू पेला ढकललास. मी म्हटलं, सर. उलटलेला रस म्हणजे सर, माळेचा. इस्पितळात गळ्यातून काढून ठेवलेली तुझी मोहनमाळ भाऊजींनी पेटीतून आणली, मी तुझ्या गळ्यात घातली. तू डोळे मिटलेस आणि डाव्या हाताने ती धरून झोपलीस. भाऊजी माझ्याकडे असं बघायला लागले, की मला तिथून उठावंसं वाटलं.

पण नेहमी जुळायचं नाही, इंदू. तू कितीदा "साठ" म्हणालीस. मी "ठसा" म्हटलं, तर तू माझ्याकडे बघून रडलीस. मी नाना परींनी फिरवून बघितलं. तुला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांना मी फणसाचं आणि रसाचं सांगितलं, तेव्हा ते समजुतीने म्हणाले, "बाई, दिवसाला शंभर शब्द त्या बोलतात. जे जुळतात तेवढे तुमच्या लक्षात राहतात." गणिताच्या बाईला हे पटायला हवं होतं. पटलंही. तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाय तुझ्याच घराकडे वळले.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. तुझ्या मागच्या दारी वर्षानुवर्षं मासे घेऊन येणाऱ्या रुक्मिणीचा नवरा जानू, त्याचा धाकटा भाऊ रवळू आणि सुकाणू धरणारा त्यांचा म्हातारा तांडेल अशी तिघांची होडी. मध्येच वारा फिरला. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या, यांची आली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला.

रुक्मिण आली ती पाटीशिवाय. तिला रिकाम्या हाताने मी कधी बघितलंच नव्हतं. ती काही विचारायला आली नव्हती. घरात बसवेना म्हणून आली असावी. पडवीच्या पायरीवर बसली. मी तुझे केस विंचरत होते.  आणि तू समुद्राकडे बघत, स्वच्छ, वर्गात कोडं वाचून दाखवायचीस तशी म्हणालीस, "जाताना येताना एकच." जरा थांबलीस. "तीन."

माझ्या हातातली फणी थांबली. आजारी पडल्यापासून एवढं सलग, एवढं धड तू काही बोलली नव्हतीस.

"काय म्हणतत बाई?" रुक्मिणीने विचारलं.

"काय नाय गो. जुना कोडा आसा तिचा. आठवला आसात."

"कोडा तर कोडा. त्येचा उत्तर काय?"

मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं की नाही, मला ठरवता येत नाही. तिचा चेहरा बघून गप्प राहवलं नाही. "जहाज," मी म्हणाले. "गेला तसाच परत येता, म्हणून."

रुक्मिण उठली. तुझ्या पायांना हात लावला, तू डावा पाय मागे घेतलास. "मगे येतलो तो," ती म्हणाली आणि गेली.

जानू आला. होडी विजयदुर्गाच्या बाजूला उलटली होती. तो एका रिकाम्या पिंपाला धरून राहिला, दुसऱ्या लाँचवाल्यांनी त्याला वर घेतलं. मग एका ट्रकने तळेऱ्यापर्यंत आणि तिथून दोन एस.टी. बदलून तो मालवणला उतरला, अंगावर कोणाचातरी मोठा शर्ट. तांडेलाचं प्रेत लाटेने वाळूत आणून टाकलं. रवळू मिळाला नाही.

मासळीबाजारात मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. "बाईंनी सांगितल्यानी होता ता. तीन गेले, आणि येताना एकच."

इंदू, मी त्या ओल्या फरशीवर उभी राहिले आणि मला तुझं कोडं पहिल्यांदा तसं ऐकू आलं. इतकी वर्षं ते मला पाठ होतं. 'एकच' म्हणजे सारखंच, असंच मी धरलं होतं, आणि 'तीन' म्हणजे अक्षरं. दुसरं उत्तर सगळा वेळ त्यात बसून होतं. तिघे जाताना, येताना एकच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. घरी येऊन मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तुझ्याकडे त्या दिवशी आले नाही.

दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा तुझ्या मागच्या अंगणात बायका बसलेल्या होत्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तुझ्या पायांशी जास्वंदीची फुलं होती, एक नारळ होता. कोणाची म्हैस हरवली होती, कोणाचा मुलगा मुंबईहून पत्र पाठवत नव्हता. तू काहीही म्हणालीस, की त्या सगळ्यांचे ओठ हलायचे. तुझा शब्द त्या मनातल्या मनात उलटा करून बघायच्या. भर दुपारी, ऊन-पावसात, दहाबारा बायका आवाज न करता ओठ हलवतायत, आणि मध्ये खुर्चीत तू. तू "णीपा" म्हणालीस, तर मी पेला आणायच्या आधीच मागून कोणीतरी कुजबुजलं, "पाणी. पाणी म्हणता. पाण्यात काय तरी आसा." कोणीही पाणी दिलं नाही. मी दिलं. पिताना तुझे दात पेल्यावर वाजत होते. तुझ्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं ते दैवी नव्हतं. तुला तिथून जायचं होतं.

भाऊजींना मी म्हटलं, यांना येऊ देऊ नका. ते म्हणाले, "राधाबाई, मी कसा अडवू? आणि खरंच काही असेल तर?" त्या माणसाला तू कुठल्याही रूपात बोलत राहायला हवी होतीस. 

मग जानूची आई आली. एक मुलगा परत मिळालेली आणि एक न मिळालेली. सून हाताला धरून घेऊन आली होती. म्हातारी रडत नव्हती. रवळू गेल्याचं तिने मान्यच केलं नव्हतं. रोज त्याचं ताट वाढत होती, असं रुक्मिणीने मला हळूच सांगितलं. ती तुझ्यासमोर बसली आणि तुझ्या निर्जीव उजव्या हातावर आपला हात ठेवला.

"बाय माझे, माझो झील खंय आसा?"

तू तिच्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "वना."

अंगणातून एकदम श्वास ऐकू आला. "रानात?" म्हातारी म्हणाली. "रानात आसा? खंयतरी किनाऱ्याक लागलो आसतलो. जिवंत आसा माझो रवळू!" आणि ती उठायलाच लागली. मागच्या बायका बोलायला लागल्या, कुठलं रान, कोणी बघायला जायचं. रुक्मिण माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं की मी कोडी सोडवते.

मला दिसत होतं. वना, उलटं केलं की नाव. तुझं आणखी एक जुनं कोडं होतं त्यावर: 'एक बुडते, एक राहतं. दोन.' होडीही नाव, माणसाचंही नाव. ते तसंच्या तसं सांगितलं, तर म्हातारीला मुलगा बुडाला असं सांगितल्यासारखं होतं. नाही सांगितलं, तर ती उद्यापासून रानोमाळ हिंडणार होती. आणि डॉक्टर म्हणाले तसं असेल, तर तू काहीच म्हणाली नव्हतीस; नुसते दोन आवाज होते.

मी म्हातारीच्या समोर खाली बसले. "आये, ती रान म्हणूक नाय. ती उलटा बोलता. ती 'नाव' म्हणता."

"खंयचा नाव?"

"तुझ्या झिलाचा. तेचा नाव घे, म्हणता."

'घे' तू म्हणाली नव्हतीस, इंदू. ते माझं होतं.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिला समजलं. मी न बोललेलं सगळं तिला समजलं.  मग तिने नाव घेतलं. "रवळू." पुन्हा घेतलं, मोठ्याने, दारातून पोराला जेवायला बोलवावं तसं. आणि मग ती रडली. इतके दिवस साठलेलं सगळं तिने तुझ्या मांडीवर डोकं ठेवून काढलं.

आणि तू म्हणालीस, "रवळू."

सरळ. एकही अक्षर न उलटता. आजारानंतर हाच एक शब्द तू जागच्या जागी ठेवलेला मी ऐकला. तुझा डावा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

अंगण हळूहळू रिकामं झालं. कोणाला सांगावं लागलं नाही. आपापली फुलं तिथेच ठेवून बायका उठल्या. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मागच्या कुंपणातलं बेडं लावून घेतलं, पण लावायची गरज नव्हती. कोणी आलंच नाही. जानूच्या घरी रवळूचं दिवसकार्य झाल्याचं नंतर कळलं.

त्यानंतरचे दिवस चांगले होते, असं मी म्हणू का? तू शांत होतीस. शब्द कमी कमी होत गेले. मी येऊन पेपरातलं कोडं मोठ्याने वाचायची, तू ऐकायचीस असं मी धरून चालायची. एखाद्या चांगल्या शब्दाला तुझा ओठाचा कोपरा हलायचा. मी कितीदा ठरवलं, की आज हिला सांगायचं. तू नसतीस तर त्या गावात, त्या शाळेत, मी एकटी बाई, कशी टिकले असते, हे सांगायचं होतं. मग वाटायचं, आजारी माणसाशी असं बोललं की त्याला वाटतं आपलं संपलं. म्हणून मी 'चार अक्षरी, झाडाचा प्रकार' वगैरे वाचत राहिले. दसऱ्यानंतर एका दुपारी मी एक शब्द भरला, वर बघितलं, आणि तू गेलेली होतीस. समुद्राकडे तोंड करून. मी तो शब्द कुठला होता ते मुद्दाम विसरले.

हे सगळं मी काल पेन्सिल ठेवून मनात उगाळत बसले होते. उन्हं उतरल्यावर तुझ्या घरी गेले. भाऊजी पडवीत एकटे होते. तुझी खुर्ची त्यांनी आत नेली आहे. चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "राधाबाई, एक विचारायचं होतं. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून."

"विचारा."

"तुम्ही रोज घरी गेलात ना, की तिन्हीसांजेला ती 'धारा, धारा' म्हणायची. रोज. शेवटपर्यंत. मला वाटायचं कौलं गळतायत. मी वर बघायचो, बादली ठेवायचो. गळत कुठेच नव्हतं. मग म्हटलं, पागोळ्यांचं बोलत असेल. पाऊस होताच. ती बाहेर वाटेकडे बघायची आणि म्हणायची. काय असेल हो?"

धा. रा.

मी त्यांच्याकडे बघितलं. तो माणूस तुझ्यापाशी दिवसरात्र बसला होता. तुला उचललं होतं, भरवलं होतं, आणि त्याचं नाव तू उलटं किंवा सुलटं घेतल्याचं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. "पागोळ्याच असतील," मी म्हणाले. "तिला पाऊस आवडायचा." ते समाधानाने मान हलवत राहिले.

मी निघाले. आता सांग, इंदू, उत्तर कुठलं? पाऊस होता हे खरं आहे. पागोळ्या होत्या. धारा हा साधा, सरळ शब्द आहे, त्याला उलटायची गरज नाही. आणि मी वाटेने जाताना पाठमोरी दिसत असेन, हेही खरं. दोन्ही बसतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, बोलणाऱ्याच्या मनात एकच असतं. पण बोलणारी नाही. मला इतकी वर्षं दुसरं उत्तर हवं असायचं, आणि काल पहिल्यांदा मला एकच हवं होतं.

बेड्याबाहेर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. समुद्राचा आवाज होता, माणूस कोणी नव्हतं. माझी आई सांगायची, तिन्हीसांजेला हाक आली आणि हाक मारणारं दिसलं नाही, तर ओ देऊ नये. ओ दिली की आपण त्याचे झालो. ती हे इतक्या गंभीरपणे सांगायची, की अजूनही त्या वेळेला कोणी बोलावलं तर मी आधी वळून बघते आणि मग बोलते.

काल मला कोणीही हाक मारली नाही. मी वाटेत थांबले, तुझ्या पडवीकडे तोंड केलं, आणि ओ दिली.